खडा केवढा, अडलाय कुठे

गेल्या वैशाखात आमच्या वॉर्डात सख्खे दोन भाऊ शेजारशेजारच्या खाटांवर होते. यावल तालुक्यातले, केळीवाले. धाकटा पहाटे तीनला आला. रिक्षातून उतरला आणि हॉस्पिटलच्या दारातच गुडघ्यांवर बसला. कुशीतून निघून जांघेत उतरणारी कळ, दरदरून घाम, दोन उलट्या. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासाने तो नाव सांगू शकला. त्याचा खडा निघाला ७ मिलिमीटरचा. थोरला त्याच्या सोबतीला म्हणून आला होता. सकाळी म्हणाला, "आलोच आहे तर माझीही सोनोग्राफी करून टाका." त्याच्या डाव्या किडनीत ३२ मिलिमीटरचा खडा होता. त्याला जन्मात कधी कळ आलेली नव्हती.

धाकट्याचा खडा लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेझरने फोडला आणि त्याला दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. थोरल्याच्या पाठीतून किडनीपर्यंत वाट करावी लागली, नळी ठेवावी लागली, तीन रात्री राहावं लागलं. तिसऱ्या दिवशी मी ड्रेसिंग बदलत होते तेव्हा तो रागाने म्हणाला, "सिस्टर, रात्रभर ओरडला तो, आणि पाठीला भोक मात्र मला. काहीतरी चुकलंय तुमचं."

जळगावात एका युरॉलॉजीच्या हॉस्पिटलात मी थिएटर सिस्टर आहे. सव्वीस वर्षं झाली. हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मी हजारदा ऐकला आहे, आणि ज्याला तो पडतो त्याचं मला कधीही चुकीचं वाटलेलं नाही. एकाच रोगाला चार उपचार, चार खर्च आणि चार नावं असतील तर माणसाने संशय घ्यायचा नाही तर काय करायचं? मी सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्याच्या कोऱ्या बाजूवर पेनने चित्र काढलं आणि त्याच्या खाटेवर ठेवलं.

घेवड्याच्या दाण्यासारखी किडनी, आपल्या मुठीपेक्षा थोडी मोठी. तिच्या आत छोटे छोटे कप्पे. लघवी तयार होते ती या कप्प्यांत झिरपते, आणि सगळे कप्पे एका नरसाळ्यात उघडतात. नरसाळ्याला लागून मूत्रवाहिनी, साधारण २५ सेंटीमीटर लांब आणि आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. ती खाली मूत्राशयात जाऊन मिळते. या वाटेत तीन जागी ती आणखी चिंचोळी होते: नरसाळ्यातून निघते तिथे, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि मूत्राशयाच्या भिंतीत शिरते तिथे. खडा निसटून खाली आला की बहुतेक वेळा या तिन्हींपैकी एका ठिकाणी अडकतो.

कळ येते ती खड्याच्या टोकांनी नाही. खडा बुचासारखा बसतो, मागे लघवी तुंबते, किडनी ताणते आणि तो ताण माणसाला लोळवतो. म्हणून ७ मिलिमीटरचा खडा वाहिनीत अडकला तर रस्त्यावर बसवतो, आणि ३२ मिलिमीटरचा किडनीच्या कप्प्यात घर करून बसला, बाजूने लघवीला जागा देत राहिला, तर वर्षानुवर्षं गप्प असतो. गप्प असतो याचा अर्थ निरुपद्रवी असतो असा नाही. असे खडे कप्प्याकप्प्यात फांद्या पसरतात, जंतूंना आसरा देतात आणि हळूहळू किडनी निकामी करतात. दुखलंच नाही म्हणून ज्यांची एक किडनी गेली अशी माणसं मी पाहिली आहेत. दुखणं किती यावरून उपचार ठरत नाही, हे थोरल्याला त्या पुठ्ठ्यावर मी पहिल्यांदा सांगितलं.

उपचार ठरतो तो खडा केवढा आहे, कुठे अडला आहे, किती कडक आहे आणि माणूस कसा आहे यावर. "सगळ्यात चांगलं ऑपरेशन कोणतं?" या प्रश्नाला म्हणून उत्तरच नाही. गावातल्या पाटीवर 'बिनटाक्याचं, लेझरने' असं लिहिलेलं असतं, आणि नातेवाईक तेच मागायला येतात. पण लेझर हे हत्यार आहे. ते कुठल्या वाटेने आत न्यायचं हा खरा प्रश्न.

पहिली गोष्ट, प्रत्येक खडा काढावा लागतोच असं नाही. वाहिनीत उतरलेला ५ मिलिमीटरपर्यंतचा खडा शंभरातल्या साधारण अडुसष्ट जणांचा आपोआप पडतो. ५ ते १० मिलिमीटरच्या मधला असेल तर निम्म्याहून थोड्या कमी जणांचा. जितका खाली, तितकी आशा जास्त. दुखणं आटोक्यात असेल, ताप नसेल, दोन्ही किडन्या नीट असतील, तर चार ते सहा आठवडे वाट पाहता येते. काही डॉक्टर टॅमसुलोसिनची गोळी देतात. वाहिनीच्या खालच्या भागातल्या ५ मिलिमीटरहून मोठ्या खड्याला तिचा उपयोग होतो, अगदी लहान खड्याला फारसा फरक पडत नाही.

आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी पानफुटीची पानं खाल्लेली असतात, हुलग्याचं कढण प्यालेलं असतं, काहींनी बिअर. माझी त्यांच्यावर नाराजी नाही. लहान खडा तसाही पडणारच असतो, आणि पानाला श्रेय मिळतं. माझी काळजी वेगळी आहे. पडला की नाही हे कुणी पाहत नाही. कळ थांबली म्हणजे खडा गेला असं धरून माणूस शेतात जातो. कधी कधी कळ थांबते ती किडनीने हात टेकल्यामुळे. म्हणून वाट पाहायची तर तारीख ठरवून, आणि शेवटी सोनोग्राफी किंवा एक्स-रे करून.

आणि एका बाबतीत वाट पाहायचीच नाही. खड्याचं दुखणं आणि सोबत थंडी वाजून ताप. हे मला या लेखात सगळ्यात मोठ्याने सांगायचं आहे.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक बाई आली, पंचेचाळिशीची. दोन दिवस ताप, गावात मलेरियाची गोळी घेतलेली. अंगावर दोन गोधड्या आणि तरी दात वाजत होते. रक्तदाब ८० वर उतरलेला. सोनोग्राफीत किडनी फुगलेली आणि आतलं पाणी गढूळ. ९ मिलिमीटरचा खडा वाहिनीच्या तोंडाशी बसला होता, आणि त्याच्या मागे लघवीचा पू झाला होता. आमच्या सर्जन सरांनी तासाभरात पाठीतून किडनीत नळी घातली. नळीतून जे आलं ते पांढरट आणि घट्ट होतं, त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. त्या दिवशी खड्याला हातही लावला नाही. बाहेर तिचा मुलगा संतापला, "खडा काढायला आणलं, आणि खडा तसाच ठेवलात?"

त्याला समजावायला मला वेळ नव्हता, आज सांगते. तुंबलेल्या, पू झालेल्या किडनीत दुर्बीण घालून पाण्याचा दाब दिला तर ते सगळे जंतू रक्तात जातात. अशा वेळी आधी निचरा, मग प्रतिजैविकं, आणि खडा नंतर. निचरा पाठीतून नळी घालून करता येतो किंवा खालून स्टेंट, म्हणजे वाहिनीत राहणारी मऊ नळी, सरकवून. दोन्ही चालतात. ती बाई दहाव्या दिवशी चालत घरी गेली. तीन आठवड्यांनी येऊन तिने खडा काढून घेतला.

आता चार उपचारांपैकी पहिला, ज्यात शरीरात काहीच घालावं लागत नाही. बाहेरून आघातलहरी सोडायच्या आणि खडा आतल्या आत फोडायचा. लिथोट्रिप्सी. याची कहाणी मला फार आवडते. जर्मनीतली डॉर्निअर ही विमानं बनवणारी कंपनी. प्रचंड वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचा थेंब आदळला तर आतल्या भागांनाही इजा कशी होते, याचा तिथे अभ्यास चालला होता. त्यातून कळलं की धक्क्याची लाट घन वस्तूतून पुढे जाते आणि दूरवर फूट पाडते. म्युनिकच्या डॉक्टरांनी ते खड्यावर वळवलं. ७ फेब्रुवारी १९८० ला ख्रिस्तियान शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या माणसाचा खडा असा फोडला. त्या वेळी रुग्णाला पाण्याने भरलेल्या मोठ्या टबमध्ये खुर्चीवर उतरवायचे. आता टब गेला. कुशीला जेल लावून पाण्याची एक मऊ उशी टेकवतात, एक्स-रे किंवा सोनोग्राफीने नेम धरतात आणि मशीन सुरू करतात. टक, टक, टक. पाठीवर कुणी रबरबँड ताणून सोडतंय असं वाटतं, असं रुग्ण सांगतात. मिनिटाला साठ ते नव्वद ठोके, एका बैठकीत दोन-तीन हजार. घाई केली, ठोके भराभर दिले, तर खडा उलट कमी बारीक होतो. बहुतेकांना पूर्ण भूल लागत नाही, संध्याकाळी घरी जाता येतं.

मग सगळ्यांनाच हे का करत नाहीत? कारण मशीन खडा फोडतं, बाहेर काढत नाही. भुगा माणसाला स्वतःच लघवीतून काढावा लागतो. खडा २० मिलिमीटरहून मोठा असेल तर भुगाच इतका होतो की वाहिनीत तुकड्यांची रांग लागते. जर्मन डॉक्टर तिला दगडांचा रस्ता म्हणतात. किडनीच्या खालच्या कप्प्यातला खडा फुटला तरी तुकडे चढून वर यायला हवेत आणि मग उतरायला, ते तिथेच साचून राहतात. सीटी स्कॅनवर खड्याची घनता मोजता येते. हजाराच्या वर आकडा असला तर तो सहसा ठोक्यांना दाद देत नाही. जाड माणसात लाट खड्यापर्यंत पोचेतो तिचा जोर ओसरतो. गरोदर बाईला हे करायचंच नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, लघवीत जंतुसंसर्ग असेल तर आधी ते निस्तरावं लागतं. याउलट लहान मुलांत हा उपचार फार छान चालतो. अंग लहान, लाट खड्याजवळ पोचते, आणि त्यांच्या लवचिक वाहिन्यांतून तुकडे सरसर उतरतात.

ब्रिटनमधल्या २५ केंद्रांत वाहिनीतल्या खड्यासाठी सहाशेहून अधिक रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं, काहींना आघातलहरी आणि काहींना दुर्बीण. २०२२ मध्ये त्याचा अहवाल आला. आघातलहरींच्या गटात सुमारे २२ टक्क्यांना पुढे आणखी उपचार करावा लागला, दुर्बिणीच्या गटात सुमारे १० टक्क्यांना. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचता येतात. दुर्बीण एका फेरीत काम उरकते हे खरं. पण ठोके घेतलेल्या दहातल्या जवळजवळ आठ जणांना त्याहून जास्त काही लागलंच नाही, हेही तितकंच खरं. आजकाल हा उपचार मागे पडत चालला आहे, आणि माझ्या मते गरजेपेक्षा जास्त मागे पडला आहे. लहान, फार कडक नसलेला, योग्य जागी असलेला खडा ज्याला आहे, त्याने "लाटांनी फुटेल का?" हे एकदा जरूर विचारावं.

धाकट्या भावाला केली ती दुर्बीण. लघवीच्या मार्गाने मूत्राशयात, तिथून वाहिनीच्या छोट्या तोंडातून वर. कुठेही काप नाही. वाहिनीसाठी लांब, ताठ दुर्बीण असते. स्पेनच्या एन्रिके पेरेझ-कास्त्रो यांनी १९८० च्या सुमारास ती रुळवली. पडद्यावर आधी एक गुलाबी बोगदा दिसतो, त्यात निळी-काळी गाइडवायर, आणि मग वळणावर अचानक पिवळसर, काटेरी खडा. लेझरची तार त्याला टेकवली की बर्फावर गरम सुई टेकवावी तसा तो कुरतडला जातो. १९९० च्या दशकापासून होल्मियम लेझर आहे, आता थुलियम फायबर लेझर आलं आहे, ते खड्याची अगदी पिठी करतं. मोठे तुकडे चिमुकल्या तारेच्या टोपलीत धरून बाहेर काढतात. वाहिनीच्या खालच्या आणि मधल्या भागातल्या खड्यासाठी याहून खात्रीचं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

खडा किडनीतच असेल तर ताठ दुर्बीण तिथे वळू शकत नाही. मग लवचिक दुर्बीण लागते. तिचं टोक वळून जवळजवळ मागे पाहू शकतं, म्हणून ती खालच्या कप्प्यातही शिरते. या उपचाराला आरआयआरएस म्हणतात. १० ते २० मिलिमीटरचे खडे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ज्यांना थांबवताच येत नाहीत असे हृदयरोगी, फार लठ्ठ माणसं, यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. पण तिच्याही अडचणी आहेत. कधी वाहिनी इतकी अरुंद असते की दुर्बीण वर जातच नाही. जबरदस्ती केली तर वाहिनी फाटते. अशा वेळी शहाणा सर्जन स्टेंट ठेवून दोन आठवडे थांबतो आणि सैल झालेल्या वाटेने पुन्हा जातो. लोकांना वाटतं डॉक्टरला जमलं नाही. मी थिएटरात उभी असते, मला ठाऊक आहे की थांबायला जास्त हिंमत लागते. दुसरी अडचण पाण्याच्या दाबाची. बंद किडनीत फार वेळ पाणी सोडत राहिलं तर जंतू रक्तात जाऊ शकतात. म्हणून लघवीचं कल्चर आधी हवंच, आणि तासन्‌तास चालणारं काम दोन बैठकांत वाटलेलं बरं. ३२ मिलिमीटरचा खडा या वाटेने काढता येत नाही असं नाही, पण दोनदा-तीनदा भूल, दोनदा-तीनदा खर्च, आणि मागे तुकडे राहण्याची धास्ती.

म्हणून थोरल्याला पाठीतून. पीसीएनएल.

हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर माझे वडील येतात. १९८५ साली, मी नऊ वर्षांची असताना त्यांचा खडा काढला. कुशीपासून बेंबीच्या दिशेने आलेला दीड वितेचा व्रण, त्यावर आडव्या टाक्यांच्या खुणा. बारा दिवस ते दवाखान्यात होते, आणि तीन महिने त्यांनी औताला हात लावला नाही. त्या वर्षी आमची पेरणी मामांनी केली. थंडीत तो व्रण ओढायचा, तेव्हा ते कुशीवर हात दाबून ओट्यावर बसायचे. बाराव्या बरगडीखाली स्नायू कापत किडनीपर्यंत जायचं, ती उघडायची, खडा काढायचा, सगळं शिवायचं, ही तेव्हाची रीत होती. आणि खडा पुन्हा झाला तर त्याच व्रणातून पुन्हा. थोरल्या भावाच्या पाठीला जे भोक पडलं ते माझ्या करंगळीच्या पेराएवढं होतं.

ही वाट १९७६ मध्ये स्वीडनच्या फर्नस्ट्रॉम आणि योहानसन यांनी दाखवली. काम कसं चालतं ते सांगते. रुग्णाला भूल देऊन पालथं झोपवतात. आम्ही सगळे शिशाचे एप्रन घालतो, कारण सी-आर्म नावाच्या मशीनचा एक्स-रे चालू असतो. खालून एका नळीतून किडनीत औषध सोडलं की पडद्यावर कप्पे झाडाच्या डहाळीसारखे उमटतात. मग सर एक लांब सुई हातात घेतात. खोलीत कुणी बोलत नाही. योग्य कप्प्याच्या नेमक्या टोकातून आत शिरायचं, कारण मधून गेलं तर मोठी रक्तवाहिनी लागते. सुई जाते, आतली सळई काढतात, आणि थेंब थेंब लघवी येते. तो पहिला थेंब दिसला की मी श्वास सोडते, सव्वीस वर्षांनंतरही. मग तार, तारेवरून एकाहून एक जाड नळ्या, आणि शेवटी एक पोकळ नळी, जिच्यातून दुर्बीण आत जाते. खडा हवेच्या दाबावर चालणाऱ्या छोट्या हातोडीने किंवा लेझरने फोडतात आणि तुकडे चिमट्याने काढतात. ते मी स्टीलच्या वाटीत घेते. टण्‌ असा आवाज येतो प्रत्येकाचा.

पूर्वी ही नळी ८ ते १० मिलिमीटर जाड असे. आता त्याहून बारीक, 'मिनी' नळ्या आल्या. नडियादच्या मूलजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलमधल्या डॉ. महेश देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दीड मिलिमीटरहून जराशाच जाड सुईतून हे काम करून दाखवलं, त्याचा मला फार अभिमान वाटतो. जळगावपासून नडियाद एका रात्रीच्या प्रवासावर आहे. बारीक नळीने रक्तस्राव कमी होतो, पण मोठ्या खड्याचे तुकडे तिच्यातून काढायला वेळ जास्त लागतो. तेव्हा बारीक तेवढं चांगलं असंही नाही.

पीसीएनएलमध्ये धोका आहे तो रक्तस्रावाचा. क्वचित रक्त चढवावं लागतं, फारच क्वचित फुटलेली रक्तवाहिनी एक्स-रेच्या मदतीने बंद करावी लागते. ताप येऊ शकतो. वरच्या कप्प्यात जाताना छातीच्या पोकळीला धक्का लागू शकतो. हे रुग्णाला आधी सांगायलाच हवं. पण २० मिलिमीटरहून मोठ्या खड्याला जगभर पहिली पसंती यालाच आहे, कारण एका बैठकीत किडनी साफ होण्याची शक्यता यातच सगळ्यात जास्त. थोरल्याची वाटी भरली होती. एक प्लास्टिकची डबी मी त्याच्या हातात दिली. त्याने तुकडे तळहातावर ओतले, बराच वेळ पाहिले, आणि मग तो माझ्यावर रागावला नाही.

त्या डबीतला एक तुकडा तपासणीला पाठवा, असं मी प्रत्येकाला सांगते. बहुतेकांचा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघतो. काहींचा युरिक ॲसिडचा असतो, आणि तो खडा तर लघवी अल्कधर्मी करणाऱ्या औषधाने विरघळतोसुद्धा. पुन्हा खडा होऊ नये म्हणून सगळ्यात खात्रीचं औषध पाणी. इटलीत पाच वर्षं चाललेल्या एका अभ्यासात, पाणी वाढवून लघवी दिवसाला दोन लिटरच्या वर ठेवणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, न वाढवणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. आमच्या ४५ अंशांच्या उन्हात बागेत राबणाऱ्याला त्यासाठी चार लिटरही कमी पडतात. दूध मात्र बंद करू नका. कॅल्शियम तोडल्याने ऑक्झलेट जास्त शोषलं जातं आणि खडे वाढतात. तोडायचं ते मीठ. पापड, लोणचं, फरसाण.

आणि खर्चाचं. लवचिक दुर्बीण महाग आणि नाजूक असते, म्हणून तो उपचार महाग. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या यादीत मुतखड्याचे उपचार आहेत. दागिना गहाण टाकण्याआधी तिथे विचारा.

शेवटी स्टेंटबद्दल. दुर्बिणीच्या उपचारानंतर बहुतेकांच्या, आणि पीसीएनएलनंतरही पुष्कळदा, वाहिनीत एक मऊ नळी ठेवतात. तिची दोन्ही टोकं वेटोळी, एक किडनीत आणि एक मूत्राशयात, म्हणजे ती सरकत नाही. सूज असताना लघवी वाहती राहावी म्हणून ती हवी. ती टोचते, सारखी लघवीला लावते, उन्हाळी लागल्यासारखं होतं, कष्टाचं काम केलं की लघवी लाल होते. हे घाबरण्यासारखं नाही. घाबरण्यासारखं आहे ते तिला विसरणं. दोन ते सहा आठवड्यांत ती निघायला हवी. तीन महिने ओलांडू नयेत.

२०११ साली एक गवंडी आमच्याकडे आला होता. लघवीतून रक्त, ओटीपोटात सतत दुखणं. एक्स-रे लाइट बॉक्सवर लावला आणि मी पुढे वाकून पाहिलं. वरच्या वेटोळ्यावर एक पांढरा गोळा, खालच्यावर लिंबाएवढा दुसरा, आणि मधल्या नळीवर पांढरं कवच. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात त्याचा ८ मिलिमीटरचा खडा काढला होता. स्टेंट ठेवल्याचं डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत एका ओळीत लिहिलेलं होतं. त्याला कुणी तोंडी सांगितलं नव्हतं, आणि तो लगेच कामाला सुरतेला निघून गेला होता. त्याच्यावर तीन ठिकाणी काम करावं लागलं: खाली मूत्राशयात, मधे वाहिनीत आणि वर पाठीतून, दोन बैठकांत. ८ मिलिमीटरच्या खड्यासाठी. भूल उतरल्यावर तो मला म्हणाला, "बाई, आत काही ठेवलंय हे मला माहीत असतं तर मी पायी आलो असतो."

त्या आठवड्यात मी लाल पुठ्ठ्याची वही आणली. प्रत्येक स्टेंट तिच्यात लिहिते. नाव, गाव, बाजू, ठेवल्याची तारीख, काढायची तारीख, त्याचा फोन, बायकोचा किंवा शेजाऱ्याचा फोन. घरी सोडताना रुग्णाकडून वदवून घेते, "माझ्या आत नळी आहे." दर पंधरा दिवसांनी, थिएटर धुऊन झालं की, वही घेऊन बसते आणि फोन लावते.

धाकटा त्या वेळी तारखेला आला. मूत्राशयात दुर्बीण घालून नळी काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत, जेल लावून होतं. थोरला आला नाही. पहिल्या फोनला म्हणाला, कापणी चालू आहे. दुसऱ्या फोनला, केळीच्या पिलबागेचं पाणी चालू आहे, आणि मला काही त्रासच नाही. तिसरा फोन मी त्याच्या बायकोला लावला. पुठ्ठ्यावरचं ते चित्र तिने घरी नेऊन देवळीत ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. ती म्हणाली, "उद्या सकाळच्या एसटीने त्यांना घेऊन येते." दुसऱ्या दिवशी अकराला दोघं आली. नळी निघाली, स्वच्छ, कुठे कवच नाही. मी त्याला ती दाखवली, वहीत त्याच्या नावावर काट मारली आणि फोन उचलला. त्या पानावर अजून एकोणीस नावं होती.